स्वतःला दिलेले पस्तीस गुण

उत्तर इंग्लंडातल्या ब्रिगहाउस गावात स्वतःचं कौतुक करणारा माणूस दिसला, की तो बाहेरगावचा आहे हे लोक समजून घेतात आणि माफ करतात. इथली बाई पाहुण्यांसमोर केक ठेवताना "मधे जरा कच्चाच राहिलाय" असं आधीच सांगून टाकते. केक उत्तम झाला असेल तर दोनदा सांगते.

ग्लेनिस हार्डकॅसल याच गावात जन्मली, वाढली आणि लग्न करून तीन गल्ल्या पलीकडे गेली. तीस वर्षं ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे केस कापायची, धुवायची, रोलर लावून सेट करून द्यायची. कुणी आरशात बघून "छान झालंय गं" म्हणालं, की तिचं उत्तर ठरलेलं. "तुमचे केसच मुळात चांगले. मी काय केलं त्यात?" ही नम्रता खरी होती की सवयीची, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. जीभ आपली आपण बोलायची.

पन्नाशी ओलांडली आणि तिचा उजवा अंगठा कात्रीला कंटाळला. डॉक्टरांनी आठवड्याला दहा डोक्यांची मर्यादा घातली. उरलेल्या वेळात करायचं काय, म्हणून शेजारच्या शहरातल्या युनिव्हर्सिटीत तिनं अर्ज टाकला. विषय निवडला बिझनेस कम्प्युटिंग आणि उद्योजकता. शाळा सोळाव्या वर्षीच सोडलेली असल्यामुळे तिला आधी एक फाउंडेशनचं वर्ष करावं लागणार होतं. ते पार पडलं तरच पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश.

"बावन्नाव्या वर्षी पाया घालतेयस," तिचा नवरा ट्रेव्हर म्हणाला. तो बस चालवायचा आणि दिवसभर प्रवाशांशी न बोलता साठवलेलं सगळं घरी येऊन बोलायचा. "छप्पर चढेपर्यंत मी असेन ना?"

"तू असलास तर शिडी धरायला बोलावीन," ग्लेनिस म्हणाली.

वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. पहिला महिनाभर त्यांना वाटत होतं की ही बाई कँटीनमधून चुकून वर आली आहे. मग एका सोमवारी सर्व्हर बंद पडला, सगळे हातावर हात ठेवून बसले, आणि ग्लेनिसनं डबा उघडून आल्याचा केक वाटला. "बिघडलाय जरा," असं म्हणूनच वाटला. तेव्हापासून झैनब नावाची मुलगी तिला ग्लेनिस आंटी म्हणायला लागली.

वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात तिघातिघांचे गट करून एक धंदा उभा करायचा होता, कागदावर आणि कम्प्युटरवर. ग्लेनिस, झैनब आणि कॅलम असा गट पडला. घरोघरी फिरणाऱ्या केशकारागिरांसाठी भेटींच्या वेळा सांभाळणारी आणि गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी फोनवर आठवण करून देणारी प्रणाली त्यांनी बनवली. कल्पना ग्लेनिसची, तक्ते ग्लेनिसचे, चाचणीसाठी खरी गिऱ्हाइकंही तिचीच. झैनबनं पडद्यावरच्या पाट्या देखण्या केल्या. कॅलमनं नाव सुचवलं, आणि ते नंतर बदलावं लागलं.

गटाला अडुसष्ट गुण मिळाले. त्यानंतर प्रत्येकाला एक फॉर्म आला. या कामातल्या आपल्या वाट्याला शंभरपैकी किती गुण द्याल, असं त्यात विचारलं होतं. कॅलमनं स्वतःला ब्याऐंशी दिले. झैनबनं सत्तर. ग्लेनिसनं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बराच विचार केला, चाळीस लिहिले, ते फार वाटले म्हणून खोडले आणि पस्तीस केले.

तिच्या लेखी तो फॉर्म म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला "आणखी वाढू का?" विचारावं तसा होता. अशा वेळी नको म्हणायचं असतं, आणि नको म्हटलं तरी समोरचा वाढतोच. पण कम्प्युटरला आग्रह करायला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं "नको" ऐकलं आणि ताटच उचललं. कुठल्याही भागात चाळीसच्या खाली गुण असतील तर पुढच्या वर्षी प्रवेश नाही, हा नियम, आणि हा फॉर्मही एक भागच धरलेला. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी ग्लेनिसला पत्र आलं, की तिचं शिक्षण इथेच थांबत आहे.

अकरा वाजता ती डॉक्टर न्वाचुकूंच्या खोलीत होती. या तिच्या युनिव्हर्सिटीतल्या मार्गदर्शक. नायजेरियातल्या लागोसहून येऊन त्यांना इथे नऊ वर्षं झाली होती, पण इथली माणसं त्यांना अजून पुरती उमगली नव्हती.

"तुमच्या गटाचं जवळजवळ सगळं काम तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. "फाइलमध्ये कुणी काय लिहिलं ते मला दिसतं. मग हे पस्तीस कुठून आले?"

"चाळीस म्हणजे जरा मिरवल्यासारखं वाटलं."

"चाळीसला काठावर पास म्हणतात, ग्लेनिस."

"हो, पण स्वतःच्या हातानं?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझ्या आईनं मला शाळेत पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तू चांगली आहेस हे तू बोलली नाहीस तर लोकांना काय स्वप्न पडणार आहे? तुम्हाला असं कुणी नाही सांगितलं?"

"आमच्या आईनं सांगितलं होतं, गप्प बस आणि वाटाणे सोल."

मार्ग एकच होता. बाई तो फॉर्म चार वाजेपर्यंत पुन्हा उघडून देणार होत्या. ग्लेनिसनं नवा आकडा घालायचा आणि कारण म्हणून तीन वाक्यं लिहायची. "प्रत्येक वाक्यात 'मी' हवं," बाईंनी बजावलं. "'आम्ही' नको, 'मुलांनी खूप मदत केली' नको. चारनंतर माझ्या हातात काही नाही."

ग्लेनिस ग्रंथालयात जाऊन बसली. तासाभरात तिनं लिहिलं, 'मला झैनबसारखी हुशार मुलगी गटात मिळाली.' 'मला' म्हणजे 'मी'च की, असं तिनं स्वतःला समजावलं आणि मग स्वतःच ते पुसलं. एक वाजला. दोन वाजता सग्डनबाईंचे केस सेट करायचे होते. शिक्षण थांबत असलं तरी मंगळवारचे सग्डनबाईंचे केस थांबत नाहीत. तिनं बस पकडली.

एडना सग्डन शहाऐंशी वर्षांच्या. मार्चमध्ये त्यांचे यजमान हॅरल्ड गेले. दोघांचेही केस ग्लेनिसच कापायची. डोकं धुऊन झालं, रोलर लावायला घेतले, तरी ग्लेनिस एक शब्द बोलेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरी, तू बोलत नाहीयेस आणि रोलर खिळे ठोकल्यासारखे लावतेयस. कोण मेलं?"

ग्लेनिसनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, बाई हळहळतील.

"पस्तीस?" बाई म्हणाल्या. "मी तीसच दिले असते. पण मला ते काम येत नाही म्हणून. तुला येतं ना?"

"थोडंफार."

"हे बघ, मला लाडीगोडी जमत नाही. हॅरल्ड गेल्यावर हॉस्पिटलनं त्यांना तीन पत्रं पाठवली, तपासणीला या म्हणून. पायांची नखं कापणारा तो माणूस, त्याच्या मशीनचा दर महिन्याला फोन. परवा चष्मेवाल्यांचा आला. प्रत्येक वेळी मी सांगायचं, की बाबा, ते आता येऊ शकत नाहीत." बाईंनी मांडीवरचा टॉवेल सारखा केला. "तुझ्या त्या यंत्राचा एकदाही आला नाही. कुणी केलं ते? त्या पोरानं?"

"कॅलमनं? नाही. तो म्हणाला होता, गेलेल्यांचा वेगळा रकाना कशाला हवा, माणूस गेला की नाव पुसून टाकू."

"मग?"

"नाव पुसलं तर तीस वर्षांचा हिशोबच जातो ना. केस कसे कापायचे, कुठल्या कानानं ऐकू येत नाही, चहात साखर किती. म्हणून मी एक खूण ठेवली. ती केली की नाव राहतं, फोन जात नाही." ग्लेनिसनं रोलर लावला. "हॅरल्डसाठी मी ती त्याच दिवशी केली. तुमच्याकडून घरी जाऊन, कोट काढायच्या आधी."

बाईंनी टॉवेलावर बोटं दुमडत काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "आत्ता किती वेळा 'मी' म्हणालीस ते मोजलंस?"

ग्लेनिसनं ओले हात पुसून फोन घेतला. पहिलं वाक्य तेच लिहिलं, जसं बोलली तसं. दुसरं तक्त्यांबद्दल. तिसऱ्यात तिनं लिहिलं की चौदा गिऱ्हाइकांवर मी हे दोन महिने चालवून बघितलं. 'थोडंफार' हा शब्द शेवटी आपोआप आला होता, तो बाईंनी चष्मा लावून हेरला आणि पुसायला लावला. मग आकडा. ग्लेनिसनं एक्केचाळीस टाकले.

"भीक मागतेयस का?" बाई म्हणाल्या.

पन्नास केले. बाईंनी नाक मुरडलं. पंचावन्न. साडेतीन वाजून गेले होते आणि अर्ध्या डोक्याला रोलर, अर्धं मोकळं. शेवटी ग्लेनिसनं साठ टाकले आणि तिचे कान लाल झाले.

"साठ," बाई उद्गारल्या. "स्वतःला समजतेस तरी कोण?" आणि ग्लेनिस आकडा मागे घेणार एवढ्यात त्यांनी स्वतःच्या वाकड्या बोटानं पाठवायचं बटण दाबलं.

उत्तर यायला दहा मिनिटं लागली. 'मिळालं. प्रवेश पक्का. मी ऐंशी दिले असते, पण त्याबद्दल सप्टेंबरमध्ये भांडू. न्वाचुकू.' ग्लेनिसनं ते वाचून दाखवलं. वाचताना 'ऐंशी' हा शब्द तिनं गाळला.

"म्हणजे सप्टेंबरपासून तू रोज तिकडे?" बाईंनी विचारलं.

"रोज नाही. तीन दिवस. मंगळवार आहेच पण त्यात."

"मंगळवारी माझे केस असतात."

"मी बुधवारी येईन की."

"बुधवारी बिंगोचा खेळ आहे. बिंगोला मी कालच्या केसांनी जाते, म्हणून तर मंगळवार. आजच्या केसांनी गेलं की मुद्दाम करून आल्यासारखं दिसतं." बाईंनी आरसा हातात घेतला आणि स्वतःकडे नापसंतीनं बघितलं. "त्या बाईंना आत्ताच लिही. मंगळवार जमणार नाही. तीन वाक्यं लिही, आणि प्रत्येकात 'मी' घाल."