कॅमेऱ्याला कुंकू

समोरचा बोलून थांबला की बाकीचे लोक मान डोलावतात. म्हंजेकाका अशा वेळी विचारायचे, "म्हंजे?"

समोर मोठे साहेब असोत, युनियनचा पुढारी असो, नाहीतर कँटीनमधला वाढपी. "काका, आज भाजी वेगळीय," असं तो म्हणाला तरी "म्हंजे?"च. त्या विचारण्यात खोच अजिबात नसायची, आवाज मात्र दणदणीत. मशीनच्या आवाजावर चढवून बोलण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शांत खोलीतही ते तसेच बोलायचे. पिरंगुटच्या पुढच्या आमच्या कारखान्यात ढमाले हे त्यांचं आडनाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

मी तिथे लागले ती माझी पहिली नोकरी. सूसहून स्कूटीवर जायचे. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजी माध्यमातलं, आणि त्या सगळ्या वर्षांत मी एकच कला नीट साधली होती: कळलं नाही तरी कळल्यासारखा चेहरा ठेवायचा. प्रश्न विचारला की सगळे आपल्याकडे बघतात, त्यापेक्षा घरी जाऊन शोधलेलं बरं. त्यामुळे भर सभेत "म्हंजे?" म्हणणारा हा पांढऱ्या मिशांचा माणूस मला सुरुवातीला जरा भीतीदायकच वाटला.

आमच्याकडे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनायचे. ते खोक्यात भरले की खोक्याला प्लास्टिकची पट्टी आवळायचं मशीन काकांकडे होतं. पायाने पॅडल दाबायचं, हाताने खोकं फिरवायचं. मशीनसमोरच्या स्टुलावर काकूंनी जुन्या लुगड्याची शिवून दिलेली गादी होती. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून काका त्या गादीवर बसत होते, आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना ते मशीन जाणार असं ठरलं.

प्लांट मॅनेजरांनी पॅकिंगच्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं. नवी लाइन येणार. खोकं आपोआप पुढे सरकणार, वरचा कॅमेरा लेबल वाचणार, पट्टी आपोआप बसणार. माणसाने फक्त स्क्रीन सांभाळायची. जे शिकतील आणि चाचणी पास होतील ते लाइनवर राहतील. बाकीच्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आहे, कोणावर सक्ती नाही.

"म्हंजे?" मागून आवाज आला.

"म्हणजे काका, ज्यांना शिकायचं नसेल त्यांनी ती योजना घ्यावी."

"आन् ज्याला शिकायचंय, पर जमलं न्हाई, त्यानं?"

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली. "त्यांनीही."

"मंग सवेच्छा कुनाची, सायेब?"

हशा पिकला. साहेबही हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

त्या दुपारी कँटीनमध्ये पॅकिंगमधल्याच, त्यांच्या वयाच्या पवळ्यांनी त्यांना छेडलं. "ढमाल्या, तुला रं कशाला पायजे ही कटकट? गावात, चांद्याला, खोल्या बांधल्यात, आयटीची पोरं भाडं देत्यात. सही कर अन् बस की बाजंवर."

"भाडं बसल्या जागी येतं," काका भाकरी मोडत म्हणाले, "आन् बसल्या जागी मानूस सडतं. मला ह्या गेटातनं हार घालून जायचंय, पवळ्या. सही करून न्हाई."

त्यांना काय हवंय ते इतकं साफ होतं. आपल्याला काय हवंय हे असं चारचौघांत सांगता येतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

नव्या लाइनचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. ते मराठीत आणून पॅकिंगच्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी घरातलं, बोलण्यापुरतं. पहिल्याच तासाला मी फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "टेम्परेचर फिफ्टी नाइनच्या वर गेलं की अलार्म येतो."

"म्हंजे किती?"

मी मनात आकडे मोजत गेले आणि मध्येच हरवले. "साठच्या... एक अलीकडे."

"एकुनसाठ म्हना की मॅडम! आमच्या नातीचंबी असंच हाय. तिला एकुनसाठ म्हनलं की ती माझ्याकडं चोर बघितल्यागत बघती."

सगळे हसले, मीही हसले, आणि माझा आवाज त्या दिवसापासून थोडा सुटला. तरी त्यांच्या प्रश्नांची मला धास्ती असायचीच. 'सेन्सर अडथळा ओळखतो' असं मी वाचून दाखवलं की लगेच, "म्हंजे? त्याला डोळं हायेत का हात?" मग आम्ही दोघं उठून लाइनपाशी जायचो आणि तो नक्की काय करतो ते बघायचो. माझं ते भाषांतर पुढे बरं झालं म्हणतात. निम्मी वाक्यं काकांच्या "म्हंजे?"मुळे दोनदा लिहिली गेली होती.

लाइन सुरू झाली आणि लगेच दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला काम लवकर थांबायचं. ज्याने त्याने आपापलं मशीन धुऊन पुसून झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. त्या दिवशी प्रत्येक मशीन सजलं, नवी लाइन तेवढी बोडकी राहिली. तिला कोणी हात लावेना.

"जिनं आपल्या पोटावर पाय दिला, तिला हळदकुंकू व्हय?" पवळे म्हणाले.

काका तेव्हा भंगाराच्या शेडकडे गेले होते. त्यांचं जुनं मशीन तिथे ताडपत्रीखाली उभं होतं. त्याला माळ घालून, लुगड्याची ती गादी काखेत मारून ते परत आले आणि पिशवीतून दुसरी माळ काढली.

"सून आणली कुनी? सायबांनी. ती काय आपल्या पायानं आली का? उंबऱ्यावर उभी ठिवायची पद्धत न्हाई आपल्यात."

काकांनी कुंकू तेलात कालवलं, पुसलं जाऊ नये म्हणून. स्क्रीनच्या कडेला बोटं उमटवली, खोकी सरकवणाऱ्या पट्ट्याच्या खांबावर स्वस्तिक काढलं, आणि मग वर हात घालून आतल्या चकचकीत काचेच्या गोल तुकड्यावर, सगळ्यांत स्वच्छ जागा म्हणून, एक ठसठशीत टिळा लावला. वरून माळ सोडली. पवळ्यांनी पुढे होऊन नारळ फोडला. मी पेढा खाल्ला आणि मला ते सगळं फार छान वाटलं. त्या काचेकडे मीही बघत होते, पण माझ्याही काही लक्षात आलं नाही.

सुट्टीनंतर पहिल्या पाळीला लाइन सुरू होईना. खोकं कॅमेऱ्याखाली आलं की लाल दिवा, कर्कश आवाज, सगळं ठप्प. बाहेर माल न्यायला ट्रक उभा. मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरने फोनवरून कॅमेऱ्याची काच बघायला सांगितली. साहेबांनी टॉर्च मारला आणि मागे वळले.

"हे कुणी केलंय?"

कोण ते सगळ्यांना माहीत होतं. पवळे चपलांकडे बघत होते. चाचणी पुढच्याच आठवड्यात होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, काका, गप्प राहा.

"मी केलं, सायेब. कुंकू माझं हाय."

"अहो, कॅमेरा आहे तो! एवढंही कळत नाही?"

"न्हाई कळत," काका म्हणाले. त्यात माफीचा सूर नव्हता आणि उर्मटपणाही नव्हता. "म्हंजे, त्यो बघतो कसा, ते कुनी दावलंच न्हाई. दावा, परत हुनार न्हाई."

"चाचणीत काय ते दिसेलच," एवढं म्हणून साहेब गेले, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "दाखवा यांना."

काच पुसायला बराच वेळ गेला, कारण तेल. मग मी स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं. काकांनी खोक्याच्या जागी मान घातली आणि स्क्रीनकडे बघितलं. तिथे काळ्यापांढऱ्या रंगात त्यांच्या मिशा होत्या, उलट्या.

"आरं, मी हाय की ह्यो!" ते एवढ्या जोरात ओरडले की सगळी पाळी धावली. मग एकेकाने मान घालून बघितलं. पवळ्यांनी तर टोपी सारखी केली. आजवर मी जे फळ्यावर समजावत होते ते त्या चार मिनिटांत सगळ्यांना समजलं. पुढचे दिवस काकांनी कॅमेऱ्याखाली काय काय ठेवलं! तिरपं लेबल, ओलं लेबल, फाटलेलं लेबल. लाल दिवा लागला की ते स्क्रीनलाच विचारायचे, "म्हंजे?" आणि खालची इंग्रजी ओळ मला वाचायला लावायचे. नंतर नंतर ती ओळ ते अक्षरांच्या आकारावरूनच ओळखायला लागले.

चाचणीला साहेब आणि मशीनवाला इंजिनिअर वह्या घेऊन उभे होते. काका पहिल्यांदा गेले आणि नापास झाले. घाईत चालू करायच्या बटणाऐवजी त्यांनी लाल बटण दाबलं, सगळी लाइन एकदम गप्प झाली. बाहेर येऊन म्हणाले, "पयली भाकर करपतीच." पण डबा उघडून न जेवता तसाच बंद केला, ते मी पाहिलं. दोनपैकी एकच संधी उरली होती.

आठवड्याने ते परत उभे राहिले. खोकी नीट निघत होती. मध्येच स्क्रीनवर एक पिवळी ओळ आली, आम्ही आधी कधीच न पाहिलेली. आता ते काहीतरी दाबतील आणि संपेल. मी असते तर दाबलं असतं, आणि चेहरा कळल्यासारखा ठेवला असता.

काकांनी दोन्ही हात बटणांवरून उचलून मागे बांधले. इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "थांबा. ही वळ मला कळली न्हाई. म्हंजे काय?"

चाचणीत परीक्षकालाच प्रश्न! पवळ्यांनी डोळे मिटले. इंजिनिअर पुढे आला, वाचलं. पट्टीचं रीळ संपत आलंय, एवढंच ते होतं. त्याने सांगितलं, काकांनी रीळ बदललं, लाइन पुढे गेली. इंजिनिअरने साहेबांना इंग्रजीत म्हटलेलं मी ऐकलं, की बहुतेक लोक इथे अंदाजाने बटण दाबतात आणि मग दुरुस्तीला त्यालाच पुण्याहून यावं लागतं. काका पास झाले, पण पहिले वगैरे आले नाहीत, काठावर. पहिले आले पवळे, आणि महिनाभर त्यांनी ते कोणाला विसरू दिलं नाही. लुगड्याची गादी नव्या लाइनच्या स्टुलावर आली.

पुढच्या खंडेनवमीला काका माळ घेऊन आले तेव्हा तिच्या मधोमध वीतभर नुसता दोरा होता. "झेंडू कमी पडला का?" मी विचारलं. "न्हाई पोरी. तिच्या डोळ्याम्होरं खिडकी ठिवलीया." मॅडमची पोरी कधी झाले ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मी तोवर हिंजवडीला दुसऱ्या नोकरीत गेले होते, पण त्या दिवशी रजा काढून गेले. गळ्यात हार, काखेत गादी, आणि गेटवरच्या वॉचमनलाही त्यांनी थांबवून पेढा दिला. माझ्याशी एवढंच बोलले: "हार घालून चाललो बघ."

परवा आमच्या ऑफिसात मोठी मीटिंग झाली. आम्ही करतो त्यातलं बरंचसं काम आता नवं सॉफ्टवेअर करणार, टीमची 'फेरमांडणी' होणार, घाबरायचं काही कारण नाही, असं काचेच्या खोलीत सांगितलं गेलं. सगळ्या माना डोलल्या. माझीही डोलणार होती. पण मी घसा साफ केला आणि विचारलं, "म्हणजे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कान तापले, पण मी उत्तराची वाट बघत बसून राहिले.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते गोठ्यात होते, आवाज नेहमीसारखा दणदणीत.

"मंग? सांगितलं का त्यांनी?"

"नाही काका. त्यांनाच नीट माहीत नव्हतं. उद्या मला ते सॉफ्टवेअर दाखवतो म्हणाले."

"झालं तर," काका म्हणाले. "मान घालून बघ आधी. आन् लाल बटन कुटंय तेवढं इचारून घे."