अंथरुणावरचे आधी

आदिलाबादहून आमच्या जैनथकडच्या गावांत म्हाताऱ्यांना घरी येऊन तपासणारी एकच सरकारी गाडी येते. तिच्यात एक सिस्टर, औषधांची पेटी आणि ड्रायव्हर. म्हातारे मात्र गल्लोगल्ली. म्हणून नियम ठरला: ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही ते आधी. चालत्या-फिरत्यांनी बसनं दवाखाना गाठावा.

आईचे पाय सुजून खांब झाले होते. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. बसची पायरी तिला चढवलीच नसती. गाडी आमच्या दारी थांबली नाही तर काय होणार, हे मला दिसत होतं आणि फार भीती वाटत होती.

कोण अंथरुणाला खिळलंय ते सिस्टर पाहायला येणार त्या सकाळी मी आईला बजावलं, "आज उठू नको बरं. पडूनच राह्य."

"घरी आलेल्या बाईसमोर लोळत पडू? काऊन, मेली काय मी?"

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मंग सरकार काय पाजते!" मी चिडले. ती हसली. ते हसूही धापेतच संपलं.

गाडी वाजली आणि आई उठलीच. भिंत धरत, डोक्यावर पदर घेत. "या बाई, बसा," म्हणाली आणि चहा टाकायला वळली. ओठ निळसर पडले होते. सिस्टरनं सगळं पाहिलं. तेलुगू वळणाच्या हिंदीत हळूच म्हणाली, "अम्मा चल लेती है. गाड़ी एकीच है. क्या करूँ?"

मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. गाडी तिकडे जायची होती. नियम खोटा नव्हता, त्यामुळे भांडायचं कुणाशी तेच कळेना. मी आईशीच भांडले.

मग आईच्या पाठीमागच्या उशा वाढत गेल्या. आडवं होणं जमेना. शेजारणी येऊन जरा जास्तच वेळ बसायला लागल्या, आणि जाताना माझ्याकडे बघेनात.

पुढच्या फेरीला सिस्टर पुन्हा डोकावली. आई उशांना टेकून होती, डोळे उघडे, धाप चालूच. हलली नाही. 'बसा' म्हणाली नाही. सिस्टरनं तिचा हात बराच वेळ हातात धरला.

"अब हर हफ्ते आते," ती मला म्हणाली. "अम्मा का नंबर लग गया."

मी इतके दिवस हेच मागत होते. ते मिळालं, तेव्हा मला सिस्टरला आल्या पावली परत पाठवावंसं वाटलं.