ठिगळ न लावलेली किताब

इनाहबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे जावातल्या निवासी मदरशात, आम्ही एकाच खोलीत, शेजारी शेजारी चटई टाकून वर्षानुवर्षं काढली. तिचं खरं नाव मुतमाइनाह. वडील रेम्बांगच्या किनाऱ्यावर मिठागरात राबणारे, आणि पोरगी जन्मापासून नजरेने अधू. जाड भिंगांचा चष्मा लावूनही अक्षर बोटाएवढं असेल तरच तिला दिसायचं. अशा मुलीने किताब, म्हणजे अरबी धर्मग्रंथ, शिकायला यायचं म्हणजे काय, हे किताब शिकलेल्यालाच कळेल.

आमचा अभ्यास असा. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही बू म्हणतो. बू न्याई, म्हणजे आमच्या गुरुबाई, एकेक अरबी शब्द वाचतात, लगेच त्याचा जावानी अर्थ सांगतात, आणि आम्ही तो छापील शब्दाच्या खाली तिरका टांगायचा. दोन ओळींमध्ये जागा तांदळाचा दाणा मावेल एवढी. जरा डुलकी लागली की तेवढे शब्द अर्थाविना राहतात. त्याला आम्ही भोक म्हणतो. भोक पडलं की मैत्रिणीची नाहीतर गेल्या वर्षीच्या एखादीची किताब मागून आणायची आणि ठिगळ लावायचं. यात कुणाला लाज वाटत नाही. माझ्या निम्म्या किताबा ठिगळांच्याच आहेत.

इनाहचं मात्र कागदावर काही जमेना. तिचा टांगलेला अर्थ खालच्या ओळीवर चढायचा, त्यावर पुढचा, आणि संध्याकाळी तिला स्वतःचंच अक्षर लागायचं नाही. "किताब नव्हे, मच्छरदाणी आहे!" पोरी हसायच्या. तीही हसायची. मग नळावर जाऊन उगाच बराच वेळ तोंड धूत बसायची, आणि मी बाहेर उभी राहून हसणाऱ्यांना शिव्या घालायची.

तिचा भाऊ सुराबायाला मोबाइल दुरुस्त करायचा. त्याने कुणाचा तरी जुना टॅब्लेट आणि त्याचं पेन जुळवून आणून दिलं. किताबेच्या पानाचा फोटो काढायचा, दोन बोटांनी हवा तेवढा ताणायचा, मोठ्या अक्षरात अर्थ टांगायचा आणि पुन्हा आवळायचा. आवळलेलं अक्षर असं सुबक दिसायचं की मी माझी किताब झाकून ठेवली. पण आमच्या वसतिगृहात मोबाइलला बंदी, तिथे एवढी मोठी काच कोण चालू देणार?

इनाहने तो वर्गात आणताच सर्वांत आधी विरोधाला उठली म्बाक झुम. ती वर्गप्रमुख, वयाने मोठी, म्हणून सगळ्या तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायच्या. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ सुरीसारखी.

"बू, कागदावर लिहिताना हात दुखतो, शाई सांडते, तेव्हा कुठे डोक्यात शिरतं," ती म्हणाली. "हिला काय, एक टिचकी मारली की माझं अख्खं पान तिच्या काचेत! मग किताब तिची की माझी?"

खरं सांगते, तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मलासुद्धा कागदच आवडतो. कॉफीचा डाग कुठल्या पानावर आहे त्यावरून मला धडा आठवतो. पण इनाहला कागद दिसतच नव्हता, त्याचं काय?

बू न्याईंनी सगळं ऐकून घेतलं. "लिहिताना ऐकतेस ना?" त्यांनी इनाहला विचारलं.

"ऐकते, बू."

"मग लिही. इंटरनेट बंद. वर्ग सुटला की तो टॅब माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवायचा."

इनाह गप्प बसली असती तर इनाह कसली. सगळ्यांदेखत म्हणाली, "म्बाक झुम, तुमचा एकही शब्द माझ्या किताबेत येणार नाही. तुमचाच काय, कुणाचाच नाही. मी ठिगळ लावणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण त्या रमजानात बू न्याई बायकांच्या पाळीच्या आणि शुद्धीच्या नियमांची किताब घेणार होत्या. शेवटच्या दिवशी त्या प्रत्येकीची किताब स्वतः तपासणार, आणि जिच्या किताबेत भोक नसेल तिलाच ती शिकवायची परवानगी. इनाहला तीच हवी होती. तिच्या गावात हा विषय एक म्हातारे गुरुजी दाराआडून शिकवायचे. पोरी लाजून काही विचारायच्या नाहीत आणि सगळं चुकीचं धरून बसायच्या. बाईने शिकवलं तर विचारतील, एवढंच तिचं म्हणणं. त्यासाठीच तर ती इथे आली होती.

रमजानातली दुपार म्हणजे पोटात काही नाही आणि डोक्यावर पत्रा तापलेला. आम्ही सगळ्या पेंगायचो. इनाह मात्र नाक काचेला टेकवून लिहीत असायची. डोळे चुरचुरले की ओला रुमाल लावायची आणि पुन्हा नाक काचेला. एकदाही झोपली नाही, याची मी साक्षीदार. म्हणजे मी जागी असेन तेव्हाची.

एके दिवशी वर्गानंतर तिने मला जिन्याखाली ओढलं. "आज दोन ओळी कोऱ्या राहिल्या गं."

"झोपलीस ना शेवटी?"

"मी नाही. बू. आवाज बारीक होत गेला, मग बंद झाला. जाग आली तेव्हा त्यांनी दोन ओळी सोडून पुढून धरलं."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "हे कुणापुढे बोलू नकोस! गुरू झोपले म्हणतेस? जीभ झडेल तुझी. झुमच्या किताबेतून उतरव आणि मोकळी हो."

"बूंनी वाचलं नाही ते मी कुठून लिहू?" ती म्हणाली.

मी तिला किती समजावलं! परवानगी जाईल म्हटलं, घरी काय सांगशील म्हटलं. ती दगडासारखी. शेवटी वैतागून मी रोजा सोडायला, नारळाच्या दुधातलं गोड कोलक प्यायला निघून गेले आणि माझ्या दोन ओळींना ठिगळ लावून टाकलं. सगळ्यांनीच लावलं.

शेवटच्या दिवशी आम्ही पांढऱ्या ओढण्या घेऊन ओळीने बसलो. किताबा भराभर पास होत गेल्या. माझीसुद्धा झाली. बू न्याईंना टॅबवर पानं सरकवता येत नव्हती, म्हणून झुम शेजारी बसून सरकवत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"भोक आहे, बू. सबंध दोन ओळी."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. पण तिचा आवाज पडला होता.

बू न्याईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं इनाह, झोपलीस होय?"

इनाहने मान खाली घातली. "असेन, बू."

"खोटं बोलतेय!" मी ओरडले. "ती एक दिवससुद्धा झोपली नाही!"

"बरं. मग काय झालं?"

आता काय सांगू? इनाह माझ्या ओढणीचं टोक खाली खेचत होती.

बू न्याईंनी टॅब जवळ ओढून त्या कोऱ्या ओळी पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, "या ओळी बाकी सगळ्यांकडे आहेत?"

"आहेत, बू," सगळ्या म्हणाल्या.

"माझ्या तोंडून कुणी ऐकल्या? हात वर करा."

झुमने हात अर्धा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"तुझ्याकडे कुठून आल्या, झुम?"

"गेल्या वर्षीच्या म्बाक उल्फाच्या किताबेतून, बू."

बू न्याई हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, मग ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "म्हणजे मी झोपले होते! आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यावर पांघरूण घातलंत. या एकटीने मी वाचलं तेवढंच लिहिलं." मग आवाज बदलून म्हणाल्या, "माझ्या नावावर मी न सांगितलेला शब्द हिने लिहिला नाही. इनाह, पेन घे."

त्यांनी त्या दोन ओळी शब्द न् शब्द सावकाश वाचल्या. इनाहने अर्थ टांगला. एकही अक्षर ओळीवर चढलं नाही.

"आता तू वाच. बाकीच्यांनो, तुमचं ठिगळ खोडा आणि ही सांगते तसं लिहा."

"मी, बू? तुमच्यासमोर?"

"गावात शिकवायला मला बरोबर नेणार आहेस की काय?"

इनाहने टॅब तोंडाजवळ धरला आणि पहिला शब्द वाचला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून लिहायला घेतलं. मला नीट दिसत नव्हतं, मी रडत होते आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही. दुसऱ्या ओळीला इनाह मध्येच थांबली.

"म्बाक झुम," तिने विचारलं, "तुमचं झालं का? की पुन्हा सांगू?"

झुमने वर न बघता हात जरा उचलला आणि म्हणाली, "पुन्हा सांग, बू गुरू."