डीच्या बाहेरचा दस्तगीर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझे बाकी सगळे उद्योग तिला ठाऊक आहेत, हा नाही. आता सांगतोय म्हणजे धीर आला असं समजू नका — लपवायचा कंटाळा आलाय, एवढंच.

कोल्हापुरात हॉकी खेळलो म्हटलं की लोक आधी विचारतात, फुटबॉल का नाही? तर फुटबॉलच्या संघात आम्हाला कुणी घेतलं नाही, म्हणून हॉकी. मी कॅप्टन, पुढच्या फळीत मधोमध. माझ्या उजवीकडे दस्तगीर. कागदावर तोही फॉरवर्डच. पण समोरच्या संघातला सगळ्यात भारी गडी कोण, ते हेरून हा त्याच्या मागावर राहायचा. स्टिक जमिनीला टेकवून मागून यायचा आणि अंगाला अंग न लावता चेंडू काढून न्यायचा. पंचाची शिट्टी नाही, काही नाही. तो गडी वळून बघेपर्यंत चेंडू माझ्याकडे आलेला असायचा आणि मी गोल मारलेला असायचा. पेपरात नाव माझं. दस्तगीरचं नाव कधी आलं नाही, आणि त्याला त्याचं काही वाटायचंही नाही.

पण फॉरवर्ड असून तो एवढा मागे का पळायचा? हे फक्त मला ठाऊक होतं. चेंडू गमावला की मी कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. मागे पळायचं माझ्या जिवावर यायचं. एकदा मीच त्याला म्हणालो, माझंही तूच बघ. तो हसला. "तू फुडं ऱ्हा की कॅप्टन. मागचं मी बघतो." आणि वर्षानुवर्षं बघितलं त्यानं. दोन माणसांचं पळणं एकटा पळाला.

मग राज्याच्या संघाची निवड आली. आमच्यातला एकच जण घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. राज्याकडून खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट मोकळी. निवड करायला आलेले गृहस्थ सामना संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा तो उजवीकडचा लई भारी हाय. पण फॉरवर्ड आसून सारखा मागं का पळतोय?"

मी पळत नाही म्हणून. चार शब्दांचं उत्तर. काय अवघड होतं त्यात?

मी म्हणालो, "डीत शिरायला भितो, सर."

डी म्हणजे गोलासमोरचं ते अर्धवर्तुळ. सगळे धक्के, सगळ्या स्टिका तिथंच बसतात. तिथं जायला जो भितो, तो फॉरवर्ड कसला? त्यांनी मान हलवली. मी निवडला गेलो. नोकरी लागली, आता पुढच्या वर्षी निवृत्त होईन. दस्तगीर मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात लागला.

इथवरचं मी पचवलंही असतं. नोकरीसाठी माणूस खोटं बोलतो — तुम्हीही कधी बोलला असाल. पण ते गृहस्थ जाताना दस्तगीरला कारण सांगून गेले होते. मी सांगितलं, हे तेवढं सांगितलं नव्हतं. तो माझ्या घरी आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा.

"कॅप्टन, खरं सांग. मी भितो व्हय रं?"

रागावला नव्हता. माझ्यावर संशयही नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. आणि मी — आधी थोडा विचार केल्यासारखं केलं, बघा — म्हणालो, "थोडंसं."

त्यानंतर वर्षभर तो रोज सकाळी एकटाच मैदानावर जायचा. डीत शिरायचा, बाहेर यायचा, पुन्हा शिरायचा. मी येताजाता बघायचो. भीती नव्हतीच, तर जाणार कुठून? सामन्यातही तो मग पुढेपुढेच राहायला लागला. गोल काही व्हायचे नाहीत, आणि जे त्याच्यासारखं कुणालाच येत नव्हतं ते मागचं पळणंही गेलं. शेवटी त्याला संघाबाहेर बसवलं. बसवणारा कॅप्टन मीच होतो.

गेल्या महिन्यात जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला. फेटे, शाली, नारळ. दस्तगीरनं माईक हातात घेतला. "मी डीत भ्यायचो. बाकी समदे त्वांडावर ग्वाड बोलायचे. ह्या एकट्यानं मला खरं सांगिटलं. आसा दोस्त मिळाय नशीब लागतंय." टाळ्या पडल्या. माईक माझ्याकडे आला. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.

परत येताना त्यानंच मला गाडीवरून घरी सोडलं. सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाला, "कॅप्टन, तवा भ्यालो नसतो तर माझंबी झालं आसतं न्हवं?"

मागे बसून मी म्हणालो, "झालं असतं."