मानाचा फेटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. ऐकून तुम्ही माझ्याकडे संशयानं बघाल — बघा. मी स्वतः कित्येक वर्षं एका माणसाकडे तसंच बघतोय.

माजलगावात मला लोक ओळखतात ते एका पिक्चरमुळे. लग्नात आलेल्या इरसाल पाहुण्यांचा विनोदी पिक्चर. आम्ही मित्रांनी मिळून केला, मोबाइलवर टाकला. कुणी चुकून भलत्याच मांडवात शिरलेलं, कुणी नुसतं जेवणावर ताव मारायला आलेलं... पण सगळ्यात जास्त हशा एकाच प्रसंगाला. एक साधा माणूस मानाचा फेटा बांधून पुढच्या खुर्चीत ऐटीत बसतो, आणि भर मांडवात त्याचा फेटा उतरवतात. "कसं सुचतं बे तुला?" मित्र विचारतात. मी हसतो.

सुचलं कुठं होतं?

ताईच्या लग्नात फेटे बांधायचं काम माझ्याकडे होतं. मानाचे फेटे मोजकेच, नावं ठरलेली. आमच्या गल्लीतले दत्तूकाका टेलर बाजूला उभे राहून बघत होते. ताईची परकर-पोलकी लहानपणापासून त्यांनीच शिवलेली. "आमच्या डोक्याला कोन बांधतंय फेटा," ते हसत म्हणाले. मला माया आली, की मोठेपणा मिरवावासा वाटला? मोठेपणाच असावा. खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि बांधला.

मग नवरदेवाच्या आत्याचे यजमान रुसले. त्यांना फेटा उरला नव्हता. "आमचा फेटा त्या टेलरच्या डोक्यावर कशाला?" अक्षता थांबल्या. वडील हात जोडून उभे. थोरले चुलते गरजले, "कुनी बांधला ह्यास्नी?"

मी दोन पावलांवर होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं — नुसतं बघितलं. आणि मी म्हणालो, "म्या न्हाई. त्यांनीच उचलला असंल."

 चुलत्यांनी काकांच्या डोक्यावरचा फेटा सोडला. पांढरे केस विस्कटले, मांडव हसला. मीही हसलो. मग तोच फेटा मी आत्याच्या यजमानांना बांधला. काका न जेवता गेले.

माझे शर्ट अजून तेच शिवतात. गळ्याचं माप घेताना ते जरा थांबले, की मी घाईनं पावसापाण्याचं बोलायला लागतो. बायको त्यांच्या दुकानातून आली, की मी तिचा चेहरा वाचतो. सांगितलं असेल का? का सांगितलं नसेल? कशाची वाट बघतायत? एवढा संशय, आणि तरी मी त्याच प्रसंगाचा पिक्चर केला. त्यातले कपडेही त्यांच्याकडूनच शिवून घेतले — कशासाठी ते न सांगता.

परवा माप घेता घेता ते म्हणाले, "पिच्चर बघितला. पोरं लई हसली. पन त्या मानसाला फेटा कुनी बांधला, त्ये न्हाई दावलं."

"राहून गेलं," मी म्हणालो. त्यांनी माप वहीत लिहिलं.

राहून गेलं नव्हतं. फेटा मी बांधला होता, आणि चोर त्यांना केलं.