खंडेनवमीच्या पाटावर दोन गेमिंग कॉम्प्युटर

माझा मामेभाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. मागच्या दसऱ्याला तो आमच्या गावी आला आन् पिशवीतून दोन यंत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. हातात धरून गेम खेळायचे कॉम्प्युटर. मधी स्क्रीन, दोन्हीकडं बटनं, वर पंख्याची जाळी. एक त्याचं स्वतःचं, दुसरं दोस्ताचं. दोघांना आदलाबदल करायची होती, पण याचा जीव होईना.

"तू दोन दिवस चालव आन् सांग कोणतं बरं. बराबर सांग पण," असं म्हणून तो जवळा बाजार गावी आमच्या मावशीकडं निघून गेला.

आता बराबर सांगायचं म्हणजे मला नक्कलच करावी लागते. दुसरं काही मला येत न्हाई.

दोस्ताच्या यंत्रात विंडोज होतं. ते म्हणजे लग्नात रुसणारा मानाचा मामा. चालू करा की, "थांबा भाचेराव, आधी अपडेट. माझा फेटा कुठंय? बसायला गादी काहून न्हाई?" बारक्या स्क्रीनवर मुंगीएवढी अक्षरं, एकावर बोट ठेवावं तर शेजारचं दबतं. झोपवलं तरी पिशवीत जागाच, गरम होऊन बसलेला. पण मामाचं एक आहे, त्याला कोणत्याही घरी न्या, जेवतो. जो गेम टाकाल तो चालवतो.

मामेभावाच्या यंत्रात लिनक्सवर बनवलेली, खास गेमसाठीची सिस्टीम होती. ती म्हणजे शेजारची काकू. बटन दाबलं की पदर खोचून हजर, आन् जिथं काम सोडलं होतं तिथूनच पुढं. पण काही घरांची पायरी काकू चढत न्हाई. ऑनलाइनचे दोन मोठे गेम तिनं उघडलेच न्हाईत.

मायला ही नक्कल लई आवडली. "हळू बोल, काकूला ऐकू जाईल," म्हणत ती पदर तोंडाला लावून हसत होती. ओसरीवर दादा पडला होता, माझा मोठा भाऊ. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

ल्हानपणी मला गेम दाखवला दादानंच. तेव्हा आमच्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता, त्याचा स्पीकर मेलेला. दादा गाडी पळवायचा आन् मी मांडीशी बसून तोंडानं इंजनचा आवाज काढायचो. "चढ आलाय, घोगरा कर," म्हणायचा. "आता तिसरा गिअर टाकला, काहून तसाच ओरडून राहिला?" आज लोक मला लग्नात नकला करायला बोलावतात. ती शिकवणी दादाची, आन् फुकटची.

दोन वर्षांमागं सोयाबीनच्या मळणी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. त्यानंतर दादानं पेरणी केली, ट्रॅक्टर चालवला, सगळं केलं. गेमला हात लावला न्हाई. "लेकरायचे उद्योग हायेत ते," म्हणायचा. मला खरं कारण ठाऊक होतं. असल्या यंत्रात गाडीची रेस उजवीकडं वरच्या बटनावर असते, आन् ते दाबायचं बोटच दादाला न्हाई.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. विळे, कोयते, पाने, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पाटावर मांडलं. अंगणातल्या मळणी यंत्राला दादानं झेंडूचा हार घातला. बोटं गेली त्याच यंत्राला तो दरवर्षी सगळ्यांच्या आधी कुंकू लावतो. एकदा मी इचारलं काहून, तर म्हणला, "काम तर त्याच्याकडूनच करून घ्यायचंय ना."

माय म्हणली, "तुझी ती दोन बी पुजायची का रे?"

"पूज की. माझी अवजारं तीच," मी गमतीनं म्हणलो आन् अंघोळीला गेलो.

मायनं गंमत खरी धरली. परत येतो तर विळ्याशेजारी काकू आन् मामा जोडीनं बसलेले. बटनांवर ओल्या कुंकवाची बोटं, त्यावर हळद, त्यावर अक्षता. पंख्याच्या जाळीवर एक-एक झेंडू. आन् पुजलेलं अवजार त्या दिवशी उचलायचं न्हाई, हा आमच्याकडचा नेम. मी दिवसभर लांबून बघत राहिलो आन् कुंकू वाळत राहिलं.

दसऱ्याला सकाळी उचललं. मामा पुसला गेला. काकूच्या उजव्या वरच्या बटनाच्या फटीत मात्र तांदळाचा दाणा जाऊन बसला होता, कुंकवानं चिकटून घट्ट. बटन दबेना.

"अक्षता शुभ असती," माय म्हणली.

"शुभ हाय माय, पण रेस अडकली."

मामेभाऊ सांजेला येणार. बाकीचं तरी चालतं का पाहावं म्हणून मी काकूचा मेनू उघडला. तिथं कोणत्या बटनानं काय करायचं, हे एका-एका गेमसाठी वेगळं ठरवता येत होतं. यंत्राच्या पाठीला चार बटनं होती. मी रेस मागच्या खालच्या बटनावर टाकली आन् गाडी पळाली. (मामातही जमतं हे. पण त्याला कंपनीचं वेगळं ॲप उघडावं लागतं, ते मला नंतर सापडलं.) दुसऱ्या चकरीत माझं लक्ष हाताकडं गेलं. रेस मी करंगळीशेजारच्या बोटानं देत होतो. ते बोट दादाला आहे.

गाडी जाऊन कठड्याला धडकली. मी अंगणात गेलो.

सरळ सांगितलं असतं तर दादा उठून शेतात गेला असता. मी म्हणलो, "दादा, दाणा अडकलाय, काढून देतो का?" यंत्र बिघडलं म्हणलं की त्याला राहवत न्हाई. त्यानं दाभण मागवली आन् दाणा अलगद काढला.

"पाहा चालतं का."

"तूच पाहा. रेस पाठीमागं हाये, खालच्या बटनावर."

दादानं यंत्र उलटं करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "कोणी सुचवलं तुला?"

"मायनं. कुंकू लावून."

तो मळणी यंत्राच्या चाकाला टेकून बसला. पहिल्या चकरीत गाडी तीनदा खड्ड्यात. मी हसलो न्हाई, आन् मला हे किती अवघड आहे ते घरचे सांगतील. चौथ्या चकरीला तो शिव्या देऊ लागला, ब्रेकला, रस्त्याला, पुढच्या गाडीवाल्याला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मायनं जेवायला दोनदा हाका मारल्या. "आलो, आलो," म्हणत तो जागचा हलला न्हाई.

सांजेला मामेभाऊ आपट्याची पानं घेऊन आला. दादाचे हात गुंतलेले, म्हणून त्यानं पान दादाच्या खिशात खोचलं आन् पायाला हात लावला. मग मला म्हणला, "सांग, कोणतं बरं?"

मी नकलेसाठी घसा साफ केला. दादाच आधी बोलला. "ह्येच बरं. फक्त रेस पुढं काहून ठेवली, ते कळत न्हाई."

मामेभावानं दादाच्या हाताकडं पाहिलं. "मला तर ऑनलाइनचे गेम लागतात," तो म्हणला. "दोस्ताला पैसे देऊन त्याचं मी ठेवतो. हे तुझ्याकडंच राहू दे, दादा."

दादा नको म्हणेल म्हणून मी मान खाली घातली. या पोराचे उपकार कोणत्या तोंडानं मानावेत, मला सुचेना, आन् तोंडं तर माझ्याकडं पंचवीस आहेत.

"चार्जर आणलाय का याचा," दादा वर न पाहता म्हणला, "का पुण्यातच राहिला?"