भरलेले रकाने

ऑफिसात तिच्या पाठीमागे सगळे तिला चौकटबाई म्हणत. हॉस्पिटलचे बेड बनवणाऱ्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या मागण्या नोंदवून घेणं हे तिचं काम. पूर्वी ज्याला जसं सुचेल तसं तो लिहायचा. कुणी ईमेलमध्ये कळवी, कुणी जेवताना तोंडी सांगे, तर कुणी ‘कठडा चांगला हवा’ एवढ्यावर मोकळा. चांगला म्हणजे कसा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग बेड तयार झाला की भांडणं.

तिने साहेबांचं डोकं खाऊन खाऊन एक ठराविक चौकट मंजूर करून घेतली. एका नोंदीत एकच गोष्ट. ती कुणाला हवी, का हवी, आणि जमली की नाही हे तपासायचं कसं. एकही रकाना रिकामा असला, तर कॉम्प्युटर नोंद पुढे सोडणार नाही. शेवटची मंजुरी तिची.

पहिली नोंद तिने स्वतः केली, ती नणंदेच्या सांगण्यावरून. नणंद नर्स होती, त्यांच्याच घरी राहायची. भाजी निवडता निवडता म्हणाली होती, “वहिनी, एका हाताने आम्ही पेशंटला धरलेलं असतं गं. कठडा दुसऱ्या एकाच हाताने वर आला पाहिजे.”

तपासणीचा रकाना डिझाइनवाल्याने भरायचा होता. काही दिवसांनी तिने नोंद उघडली, तर त्यात नुसतं टिंब.

“हे काय?” तिने त्याला गाठून विचारलं.

“बाई, काम गळ्याशी आलंय. तुमचा कॉम्प्युटर रिकामं सोडत नाही, म्हणून टिंब दिलं.”

तिने टिंबाला बंदी घातली. मग ‘वरीलप्रमाणे’ आलं. वर काहीच नव्हतं. तेही बंद केल्यावर ‘योग्य ती तपासणी केली जाईल’ असं सुबक वाक्य आलं, आणि ते सगळ्यांनी एकमेकांकडून उचललं. ती एकेकाच्या टेबलाशी जाऊन हुज्जत घालू लागली. तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या.

“अहो, सगळ्या नोंदी पूर्ण दिसतायत!” साहेब म्हणाले. “तुमचीच तर पद्धत. आता हात धुऊन लोकांच्या मागे लागू नका.”

तिनेही हळूहळू नाद सोडला. समोर ढीग यायचा, रकाने भरलेले असायचे, ती मंजुरी देऊन टाकायची. कठड्याची नोंदही अशीच गेली.

नवे बेड नणंदेच्या वॉर्डात आले. कठडा वर करायला दोन्ही हात लागत. एका सकाळी नणंद एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवत होती. शेजारचा पेशंट गुदमरला, तशी कठडा खालीच ठेवून ती तिकडे धावली. म्हातारा पडला. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलने कंपनीला विचारलं, बेडमध्ये दोष होता का? चौकटबाईने मीटिंगमध्ये ती नोंद पडद्यावर लावली. “एका हाताची मागणी इथे आहे. पण कुणी तपासलेलीच नाही, साहेब.”

“रकाना तर भरलाय. आणि मंजुरी?” साहेबांनी वाकून पाहिलं. “तुमचीच आहे.”

डिझाइनवाला मोबाइलमध्ये बघत बसला. संध्याकाळी कंपनीचं उत्तर गेलं: सर्व मागण्या ठरलेल्या पद्धतीने नोंदवून, तपासून मंजूर केल्या आहेत. हॉस्पिटलने हलगर्जीपणाचा ठपका ठेवून नणंदेला कामावरून काढलं.

घरी चौकटबाईने नणंदेला सगळं सांगितलं, स्वतःच्या मंजुरीसकट. नणंदेने एवढंच विचारलं,

“मी सांगितलेलं तू लिहिलं होतंस ना?”

“लिहिलं होतं.”

“मग झालं तर,” नणंद म्हणाली, आणि आत जाऊन पडली. त्यानंतर ती वहिनीशी कामापुरतंच बोलू लागली.

कंपनीने ती पद्धत दुसऱ्या कारखान्यातही लावायची ठरवली. शिकवायला चौकटबाईलाच पाठवलं. नव्या मुलांपुढे उभं राहून ती एकेक रकाना समजावत होती, तेवढ्यात एकीने विचारलं, “मॅडम, इथे काय लिहायचं ते सुचलं नाही तर?”

मुलीचं बोट तपासणीच्या रकान्यावर होतं. चौकटबाई म्हणाली, “काहीतरी लिहा. रिकामं चालत नाही.”